कच्च्या पानावरचा डोळा

प्रिय खारू,

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. मी ठीक आहे, आणि तुझे बाबा तर माझ्यापेक्षा ठीक आहेत. कागदावर लिहायचं कारण एवढंच की माझा फोन कंपनीनं दिलेला, मेल कंपनीची, आणि जे लिहायचंय ते या दोन्हींवर टाकण्याइतकी मी भोळी नाही. तू म्हणशील, आई, कोण बसलंय तुझे निरोप वाचत! थांब जरा, त्याच्यावरच येतेय. पाकीट बाबांच्या हातानं पाठवतेय. चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली आहे, ती तुटलेली नाही ना हे आधी बघ. बाबा उघडणार नाहीत हे मला माहीत आहे, ते शेजाऱ्यांचं वर्तमानपत्रसुद्धा विचारून वाचतात. पण रस्त्यात त्यांना कुणीही भेटतं आणि हे कुणाच्याही हातात काहीही देतात. परवा नळ दुरुस्त करणाऱ्याला घराची किल्ली देऊन स्वतः फिरायला गेले होते. मी विचारलं तर म्हणाले, अगं, चांगला होता तो माणूस. चांगला होता! चेहऱ्यावर लिहिलेलं असतं जणू.

सोमवारी तुमच्या कार्यालयात पाचही कंपन्यांची बैठक आहे हे तुला माहीत असणार. खुर्च्या मांडायला तुलाच सांगितलं असेल. बैठक कशासाठी आहे हे मात्र तुमच्या मोठ्या बाईंनी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही संगणकावर चालवता त्या फळ्यावरची आमची कच्ची पानं बाहेरचं कुणीतरी उघडून वाचतंय अशी तक्रार झाली आहे. कुठलं पान कुणी उघडलं याची जी नोंद तुमच्याकडे आपोआप राहते, ती सोमवारी सगळ्यांच्या देखत पडद्यावर लावायची असं ठरलंय. ज्या कंपनीच्या माणसाचं नाव निघेल ती कंपनी पेटीच्या कामातून बाहेर, आणि तो माणूस बहुधा नोकरीतून बाहेर. संशय फोमवाल्यांवर आहे. तक्रार कुणी केली हे ओळखायला तुला वेळ लागणार नाही. असले उद्योग तुझ्या आईशिवाय दुसरं कोण करतं?

त्या फळ्याचं खरं नाव काय होतं गं? सामायिक नवसंशोधन आणि ज्ञान-विनिमय असं काहीतरी लांबलचक, म्हणता म्हणता चहा गार व्हावा असं. आमच्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला फळा म्हटलं आणि पाचही कंपन्यांत तेच रूढ झालं. तू शिकवायला उभी होतीस तो दिवस मला लख्ख आठवतो. पत्रेवाले, फोमवाले, कडी-बिजागरीवाले, तापमापकवाले आणि आम्ही रबरवाले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका खोलीत बसलो होतो. वीज येते-जाते अशा गावांत लस थंड राहील अशी पेटी करायची, एकट्याच्यानं होणारी गोष्ट नाही, म्हणून जमलो होतो. तू निळा शर्ट घातला होतास आणि हातातला माइक फार जवळ धरत होतीस. तू सांगितलंस की पक्क्या पानावर लिहाल ते सगळ्यांना दिसेल, कच्च्या पानावरचं फक्त तुमच्या तुम्हाला. दुसऱ्याच्या नोंदीवरून काही सुचलं तर ‘आधार’ या रकान्यात त्याचं नाव घाला. आणि आपले फसलेले प्रयोगही लिहा, कारण एकाचा फसलेला प्रयोग वाचला की दुसऱ्याची मेहनत वाचते.

मी मागच्या रांगेतून हात वर केला. विचारलं, कच्ची पानं तुमच्या कार्यालयाला दिसतात का? तू म्हणालीस, उघडता येतात, पण आम्ही उघडत नाही. मी विचारलं, का उघडत नाही? तू म्हणालीस, उघडायची नाहीत म्हणून, मॅडम. स्वतःच्या आईला मॅडम! त्या मॅडमवर तुझे बाबा आठवडाभर हसत होते. मला मात्र हसू आलं नव्हतं. एका कुलपाच्या पाच किल्ल्या पाच जणांकडे आणि सहावी तुमच्याकडे, एवढंच मी त्या दिवशी डोक्यात घेऊन घरी आले.

मग ते नात्याचं प्रतिज्ञापत्र आलं. सभासद कंपनीत नातेवाईक असेल तर कामाविषयी त्याच्याशी बोलणार नाही, असं तू लिहून दिलंस. नियम बरोबरच होता, मी तुझ्या जागी असते तर याहून कडक केला असता. पण खारू, माझ्याकडे बोलायला कामाशिवाय दुसरं असतं तरी काय? तू लहान असल्यापासून मी तुला झोपवताना रबराच्याच गोष्टी सांगितल्या आहेत. तो कागद येईपर्यंत रोज जेवणाच्या सुट्टीत आपला फोन व्हायचा, मी इकडे मिश्रण कसं बिघडलं ते सांगायची आणि तू तिकडे घास चावत हं हं म्हणायचीस. ते बंद झालं. मग आपण हवेवर बोलायला लागलो. इकडे ऊन आहे, तिकडे ऊन आहे का? लिफ्टमधली दोन अनोळखी माणसं यापेक्षा बरं बोलतात. त्यात मी एकदा चिडून बोलून गेले की तुला मुद्दाम माझ्यावर पाळत ठेवायलाच नेमलं असेल. तू ताट तसंच ठेवून उठलीस, आणि त्यानंतर घरी येणं जवळपास थांबलंच. तेव्हा मला वाटलं होतं, खरं बोललं की झोंबतं. आता तसं वाटत नाही.

असो. डोळ्याकडे येते. पक्क्या पानाच्या खाली तो छोटा डोळा असतो ना, किती बाहेरच्यांनी पान पाहिलं ते दाखवणारा, तो कच्च्या पानाखालीही असतो. तिथे कायम शून्यच असायला हवं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस माझ्या एका कच्च्या पानाखाली मला एक दिसला. आधी वाटलं चष्म्याचा दोष. चष्मा पुसला, एक तसाच. दोन दिवसांनी दुसऱ्या पानाखाली एक, मग तिसऱ्या. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. मी पान लिहून बंद करायचे, दुपारी जेवून यायचे आणि उघडून बघायचे तर डोळा उघडलेला. म्हणजे जो कोण होता तो दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, निवांत बसून वाचत होता. काय धीट माणूस म्हणायचा!

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, मशिनची गडबड असेल. त्यांना जगात सगळीच मशिनची गडबड वाटते. मग मी स्वतःच डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. आमच्या विभागातल्या सगळ्यांशी मी गोड बोलायला लागले, त्यावरूनच बिचाऱ्यांना समजलं असणार की काहीतरी बिनसलंय. कडी-बिजागरीवाल्यांना आमच्या रबराशी घेणंदेणं नाही. तापमापकवाले स्वतःच्याच पानांना उत्तर देत नाहीत, ते आमची कुठे वाचणार? पत्रेवाल्यांचे साहेब तर अजून मदतनिसाकडून फळा उघडून घेतात. उरले फोमवाले.

फोमवाल्यांचे ते गृहस्थ तू पाहिले आहेस, आम्ही त्यांना हसरे म्हणतो. बैठकीला आले की दारातूनच हसत येतात, निघताना सगळ्यांना विचारतात, कुणाला सोडू का? माझ्या शेजारी बसून विचारतात, मग काय म्हणतंय तुमचं रबर? आता तूच सांग, दुसऱ्याच्या रबराची एवढी विचारपूस कोण करतं? शिवाय फोम आणि रबरी पट्टी पेटीच्या दारात एकमेकांना चिकटून बसतात. पट्टीचं गुपित कुणाला उपयोगी असेल तर त्यांनाच. मी एक सापळा लावला. कच्च्या पानावर लिहिलं की पट्टीत मी आता मेणाचं प्रमाण दुप्पट करून पाहतेय आणि निकाल फार छान येतोय. तसं काही नव्हतं, दुप्पट मेण घातलं तर ती पट्टी साबणासारखी निसटेल. बघू कोण मेण मागवतं ते, म्हणून वाट बघत बसले. डोळा उघडला, पण मेण कुणीच मागवलं नाही. हसऱ्यांनी तर ताकास तूर लागू दिली नाही. मी म्हटलं, पक्का आहे गडी.

त्यातच आमची पट्टी बिघडायला लागली. आमच्याकडे कपाटात ठेवलेली पट्टी महिनोन्महिने छान, आणि तीच पेटीच्या दाराला लावली की फुगायची, मऊ पडायची, दार उघडताना फाटायची. मी गंधक बदललं, पकवायची वेळ बदलली, रबर कुठून आणतो ते बदललं. काही उपयोग नाही. आणि नेमक्या त्याच वेळी फोमवाल्यांनी आपल्या फोमच्या कडेचा आकार बदलला. मी माझ्या कच्च्या पानावर पट्टीसाठी जी गोल कड काढली होती, अगदी तीच. मी ते चित्र बघितलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी बसून तक्रार लिहिली. फोमवाल्यांचं नाव सरळ घेतलं नाही, पण नाव न घेता बोट कसं दाखवायचं ते मला येतं.

तक्रार गेल्यावर काय झालं ते तुझ्या कानावर आलं नसेल. पत्रेवाल्यांनी फोमवाल्यांना नमुने पाठवणं थांबवलं. तापमापकवाल्यांनी मागच्या बैठकीत खुर्ची सरकवून घेतली. वारा कुठून वाहतोय ते सगळ्यांना कळलं होतं. हसरे त्या दिवशी हसले नाहीत. निघताना गाड्या लावतो तिथे मला गाठून म्हणाले, ताई, आमच्याकडून काही चुकलंय का? सांगितलंत तर दुरुस्त करू. मी म्हटलं, छे हो, कुठे काय! आणि गाडीत बसून काच वर केली. आरशात दिसत होतं, ते तिथेच उभे राहिले होते, हातात फोमचा एक तुकडा घेऊन, बहुतेक मला दाखवायलाच आणलेला.

बैठकीत आपली बाजू भक्कम हवी म्हणून गेल्या आठवड्यात मी पुरावे गोळा करायला बसले. फोमवाल्यांची सगळी पक्की पानं पहिल्यापासून काढली. खारू, तुला सांगायला लाज वाटते, पण फळा सुरू झाल्यापासून मी दुसऱ्या कुणाचं पान कधी उघडलंच नव्हतं. मी लिहायचे, आणि माझं कोण वाचतंय तेवढं बघायचे. तू एवढं जीव तोडून शिकवलेलंस आणि तुझ्याच आईनं फळ्याचा उपयोग फक्त पहारा द्यायला केला. तर त्या गोल कडेच्या पानावर ‘आधार’ या रकान्यात माझं नाव होतं. अगदी मानानं लिहिलेलं, रबर विभागाच्या बाईंच्या पक्क्या नोंदीवरून म्हणून. ती नोंद मीच गेल्या हिवाळ्यात सगळ्यांसाठी टाकली होती आणि विसरून गेले होते. माणसानं माझी गोष्ट माझं नाव लावून घेतली होती आणि मी त्याला चोर ठरवून मोकळी झाले होते.

तिथेच पुढे आणखी एक पान होतं, फसलेल्या प्रयोगाचं. हसऱ्यांनी लिहिलं होतं की फोम साच्यातून सुटावा म्हणून ते साच्याला जे तेल लावतात ते फोमच्या कडेवर थोडं मागे राहतं, पुसलं तरी पूर्ण जात नाही, दुसऱ्या कुणाला याचा त्रास होत असेल तर कळवावं. मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आपलं रबर तेल पितं. शाळेतल्या मुलाला कळेल की ते फुगणारच! मी रबर बदलत बसले होते आणि उत्तर तिथे उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं. त्या पानाखालची उत्तरं बघितली. पत्रेवाल्यांनी लिहिलं होतं, कडीवाल्यांनी लिहिलं होतं. रबरवाल्यांपैकी कुणीही नाही.

मग प्रश्न उरला, हसरे नाहीत तर कोण? तू ओळखलं असशील, तरी मला सांगू दे. मला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गेल्या मंगळवारी एक मिश्रण माझ्या हातून वाया गेलं. गंधक घालायलाच विसरले. इतकी वर्षं हे काम केल्यावर गंधक विसरणं म्हणजे आपलंच नाव विसरण्यासारखं आहे. कुणी बघितलं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात खरं कारण लिहायची लाज वाटली, म्हणून ठोकून दिलं की चक्कर आल्यामुळे प्रयोग अर्ध्यावर सोडला. खोटं. साफ खोटं. मला चक्करबिक्कर काही आली नव्हती, आणि मी ते कुणाला तोंडानं सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. तू हवेचं बोललीस, मग बाबांच्या डोळ्याचं, आणि मग एकदम म्हणालीस, आई, डॉक्टरकडे जाऊन ये ना, चक्कर येणं साधी गोष्ट नसते या वयात. मी हो हो म्हटलं. फोन ठेवला. बाबा समोर शेंगा सोलत बसले होते, त्यांनी विचारलं, तुला चक्कर कधी आली? मी म्हटलं, आलीच नाही, ते फक्त माझ्या कच्च्या पानावर लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी मी डोळा उघडलेली सगळी पानं पुन्हा काढली आणि या वेळी वेगळ्या नजरेनं वाचली. कुठल्याच पानावर धड काही कृती नव्हती. एकावर लिहिलं होतं, गुडघा दुखतोय म्हणून माप सहकाऱ्यानं घेतलं. एकावर, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दोन दिवस रजा. एकावर मी चिडून लिहिलेलं की आज मिश्रण ऐकत नाही, हट्टी पोरीसारखं करतंय. मेणाचं ते पान तर तू उघडून लगेच बंद केलं असणार, त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाकी सगळ्या पानांत सारखं एवढंच होतं, माझा शेरा, आणि उघडल्याची वेळ आपल्या जुन्या फोनची, जेवणाच्या सुट्टीतली. तुमच्या कार्यालयानं उघडलेलं पान त्या डोळ्यात धरलं जात नाही असं तुला वाटलं असेल. आधी धरत नव्हते. धरावं म्हणून भांडून भांडून तो बदल मीच करून घेतला आणि हसऱ्यांच्या नादात स्वतःच विसरले. त्याचं परिपत्रकही निघालं होतं, आणि तू ते वाचलं नाहीस. बापाच्या वळणावर गेली आहेस.

मला आधी संताप आला. त्या दिवशी घरी आले तेव्हा तुला फोन करून काय काय बोलायचं ते जिन्यातच ठरवलं होतं. मग भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं की गेले काही महिने मी शेरे फार लांब लिहायला लागले होते. सहकारी हसायचे, बाई, शेरा आहे की कादंबरी! चोर वाचतोय हे माहीत असून मी त्या चोराला माझ्या गुडघ्याचं सांगत होते. कोणीतरी वाचतंय याचा मला राग येत होता आणि कोणी वाचलं नाही त्या दिवशी चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. हे मी कुणालाही कबूल करणार नाही. तुला तर नाहीच करणार होते, पण झालं लिहून. तुझी आठवण येते गं मला, फार येते.

तरीपण तुझी आई ती मीच. एक गोष्ट विचारल्यावाचून माझ्यानं राहवत नाही, आणि विचारली म्हणून तू ताट सोडून उठलीस तरी चालेल. तू ती पानं दुसऱ्या कुणाला दाखवलीस का? शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला, गंमत म्हणून, बघ माझी आई कशी लिहिते ते? माझं मन सांगतं नाही. पण माझ्या मनाचं ऐकून मी हसऱ्यांना चोर ठरवलं होतं, तेव्हा त्याचा भरवसा मी किती धरायचा? मला खरं हवंय. तुझ्या तोंडून, या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून, बाबांच्याच हाती.

काल मालक म्हणाले, बाई, पट्टीचं कोडं सुटलं, आता तक्रार मागे घ्या, चहा पिऊ आणि विसरून जाऊ. त्यांना तुझं काही माहीत नाही. एक ओळ लिहिली की सोमवारची बैठक रद्द, नोंदी बंदच्या बंद, तुझी नोकरी सुखरूप. मी कागदही पुढे ओढला होता. पण मग हसऱ्यांचं काय? त्यांना नमुने कोण पाठवणार? चोर सापडला नाही एवढंच म्हटलं जाईल, आणि चोर म्हणून सगळे त्यांच्याकडेच बघत राहतील. शिवाय त्या फळ्यावर तेलाचं ते पान कुणी का लिहिलं? आपण दाखवू तेवढंच बाहेर जाईल, कच्चं पान तुम्ही लोक उघडणार नाही, यावर विसंबून लिहिलं. मी विसंबले नव्हते, तो माणूस विसंबला होता. माझी पोरगी आहे म्हणून त्याचा विश्वास मी गिळून टाकायचा?

म्हणून हे पत्र. तक्रार मी मागे घेतलेली नाही, घेणारही नाही. सोमवारी नोंद उघडेल आणि त्यात तुझं नाव असेल, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. त्याआधी दोन दिवस तुझ्या हातात आहेत. तुमच्या मोठ्या बाईंकडे जा आणि जे केलंस ते स्वतः सांग. आईचे शेरे वाचत होते, दुसरं काही नाही, असं सांग, जर ते खरं असेल तर. नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे असं मी म्हणणार नाही, ती तू किती मेहनतीनं मिळवलीस ते मला माहीत आहे. फोमवाल्यांची माफी मी सगळ्यांसमोर उभी राहून मागणार आहे, तेलाचं पान दाखवून. तुझी बाजू मात्र मी मांडणार नाही, मांडली तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण मी त्याच खोलीत, तुझ्या समोरच बसलेली असेन. पडद्यावर नाव आलं की सगळे आधी तुझ्याकडे बघतील आणि मग माझ्याकडे. तोवर तू सांगून टाकलेलं असलंस, तर मलाही त्यांच्यासारखं तुझ्याकडे सरळ बघता येईल. नाहीतर मला मान खाली घालावी लागेल, आणि तुला माहीत आहे, तुझ्या आईला ते जमत नाही.

सोमवारी, आणि सोमवार संपल्यावरही तुझीच,
आई